वायर तोडून ऑइलचा दिवा विझवू नका

नाशिककडचा माल भरून पिकअप कसाऱ्याचा घाट उतरते, भिवंडी, ठाणे, कळवा करीत दिघ्याला येते, आणि वाशी मार्केट आता आलेच असे वाटते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर मात्र गाड्यांची रांग असते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, इंजिन तापलेले, अन् नेमका तिथेच ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागतो. याला दिघ्याची हवा कारण नाही. तासन् तास चाललेल्या इंजिनाचे ऑइल तापून पातळ होते. फेरे कमी झाले की ऑइल पंपही सावकाश फिरतो. त्यात जुन्या इंजिनाच्या बेअरिंगच्या फटी वाढलेल्या असल्या की ऑइल तिथून निसटते आणि दाब पडतो.

यावर सर्रास दोन उपाय चालतात. दिव्याची वायर काढून ठेवायची, नाहीतर जाड ऑइल ओतायचे. पहिला तर सरळ आत्मघात आहे. दुसऱ्याने दिवा विझतो, पण थंडीच्या पहाटे तेच ऑइल वर चढायला वेळ लावते आणि झीज वाढते. कंपनीच्या पुस्तकात १५-डब्ल्यू-४० लिहिले असेल तर तेच घालावे.

मग करायचे काय? गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा आणि पट्टी काढून बघा. ऑइल कमी असेल तर वळणावर, चढावर दिवा लागणारच. पण पट्टीवर ऑइल आपोआप वाढलेले दिसले तर खूश होऊ नका. वास घ्या. डिझेल आत उतरत असेल तर ऑइल पातळ होते, दाब जातो. रंग दुधाळ असेल तर पाणी मिसळले आहे. मग गाडी चालवूच नका.

ऑइल ठीक असेल तर दिव्याच्या स्विचवर संशय घ्या. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा, दिवा लागला पाहिजे. स्विचची वायर काढली की तो विझला पाहिजे. तरीही पेटलेलाच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे. चावी फिरवूनही दिवा लागतच नसेल तर बल्ब गेला आहे किंवा आधीच्या मालकाने करामत केली आहे. जुनी गाडी घेताना हे आधी बघावे, रंग नंतर.

खरा निवाडा काट्याच्या गेजचा. स्विच काढून त्या जागी गेज लावायचा आणि इंजिन चांगले तापवून आकडा वाचायचा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला धरावा. ढोबळ मानाने तापलेल्या इंजिनाला न्यूट्रलमध्ये एक किलोच्या आसपास आणि चालत्यात तीन-चार किलो दाब असावा. दिवा बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास लागतो, म्हणजे तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. गेज बरोबर दाखवीत असेल तर स्विच बदला, काम झाले. मिस्त्रीने गेज न लावताच इंजिन खोलायला सांगितले तर दुसरा मिस्त्री गाठा.

गेजवरही दाब कमी निघाला तर फिल्टर आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह बघावा, आणि मग चेंबर. आमच्या शेतकऱ्यांच्या गाड्यांत हे चेंबरच फार वेळा सुटून जाते. बांधावरून, दगडातून गाडी नेताना चेंबरला खालून पोचा पडतो, पत्रा वर सरकून ऑइल ओढणाऱ्या जाळीला टेकतो आणि पंप उपाशी राहतो. जाळीत गाळ बसला तरी तेच. हे स्वस्तातले काम आहे. चेंबर उतरवल्यावर तळाशी चमकणारा धातूचा चुरा सापडला तर मात्र बेअरिंग गेले. पंपही झिजलेला असू शकतो. मग खर्चाला पर्याय नाही. क्रँक वाचला तरी पुष्कळ मिळवले म्हणायचे.

चालत्या गाडीत दिवा लागला आणि फेरे वाढवूनही गेला नाही, तर माल नासो की भाव पडो, इंजिन तिथेच बंद करावे. दुसरी गाडी बोलावून माल पुढे नेता येतो; जाम झालेले इंजिन हप्त्यांसकट गळ्यात पडते.

ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच मंडळींनाही एक सांगणे आहे. पंधरा वर्षांवरील पंचायतींच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपली, त्यामुळे घंटागाडी फार जुनी नसेल. पण कचऱ्यासाठी दारोदार थांबत जाणाऱ्या गाडीचे इंजिन न्यूट्रलमध्येच जास्त चालते, आणि किलोमीटर कमी दिसतात म्हणून ऑइल बदलणे लांबते. लॉगबुकात किलोमीटर आणि डिझेलच्या शेजारी ऑइलच्या पट्टीचा एक रकाना आखा, ड्रायव्हरची रोज सही घ्या. आणि विकास सोसायटीने एक काट्याचा गेज घेऊन ठेवावा. सगळ्या गावाच्या गाड्यांना तो पुरतो.