तळ्याच्या पातळीचा धनी कोण?

पावसाळा आला की सांगलीकरांचे डोळे आयर्विन पुलाकडे लागतात. ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे आकडे तेथे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने याच पुलापाशी ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेव्हापासून पुराची प्रत्येक चर्चा कोयना आणि अलमट्टी यांच्या विसर्गापाशी येऊन थांबते. ती अनाठायी नाही. पण अपुरी आहे. कारण नदी पात्रात असतानाही शामरावनगरसारख्या सखल वसाहतींत पाणी साचते, आणि त्याचा दोष कोणत्याही धरणाला देता येत नाही.

हे पाणी साचते ते जमिनीच्या स्वभावामुळे आणि माणसाच्या विस्मरणामुळे. सांगलीची काळी जमीन भिजली की फुगते, पाणी जिरवत नाही. उतार तर नावापुरताच. अशा शेतांचे गुंठ्यागुंठ्यांनी तुकडे पडले, नकाशावर रस्ते आले. परंतु शेताच्या बांधालगतचा ओढा त्या नकाशावर आला नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने असंख्य सामान्य कुटुंबांच्या डोक्यावरील टांगती तलवार दूर केली, हे न्याय्यच झाले. मात्र त्याने घरे नियमित झाली, पाण्याची वाट नियमित झाली नाही.

अशा शहरात काळी खण किंवा मिरजेचा गणेश तलाव यांच्याकडे केवळ शोभेची स्थळे म्हणून पाहणे परवडणारे नाही. तळे पुराच्या वेळी उपयोगी पडते ते त्यात असलेल्या पाण्यामुळे नव्हे, तर त्यात शिल्लक असलेल्या जागेमुळे. हिशेब सोपा आहे. एक हेक्टर विस्ताराचे तळे मीटरभर रिकामे असेल, तर त्यात एक कोटी लिटर पाणी मावते. दहा हेक्टर वस्तीवर १०० मिलिमीटर पाऊस पडून तो सगळा वाहून आला, तरी तेवढेच पाणी होते. उलट, नौकाविहारासाठी काठोकाठ भरून ठेवलेले तळे पहिल्याच मोठ्या सरीला शेजारच्या अंगणात उतरते. शोभेला भरलेले तळे हवे आणि सुरक्षिततेला रिकामे. या दोहोंतून निवड करण्याचे काम आज नेमके कोणाचे, हाच खरा प्रश्न आहे.

शेजारच्या साताऱ्याची प्रकृती याच्या उलट आहे. अजिंक्यतारा आणि यवतेश्वर यांच्या कुशीतील त्या शहरात पाणी साचण्यापेक्षा धावण्याचे भय अधिक. डोंगरातले पाणी उताराने गावातील हौदांपर्यंत आणणाऱ्या जुन्या व्यवस्थेत पाणी कोठून येते आणि कोठे जाते, याचे भान होते. मोती तळे, मंगळवार तळे ही त्या शहराची जुनी ठेव. परंतु तळ्याचा सांडवा एखाद्या भिंतीने अडवला, तर चढावरचे शहरही सुरक्षित राहत नाही.

सांगलीत आणखी एक अडचण आहे. कृष्णा चढली की तिचा फुगवटा नाल्यांतून उलटा शहरात शिरतो. नाल्याच्या तोंडाशी दरवाजे बसवावेत, ही सूचना योग्यच; पण दरवाजे मिटल्यावर शहरात पडणारा पाऊस जाणार कोठे? त्यासाठी पंप हवेत, आणि पंपांना उसंत देणारी साठवणीची जागाही हवी. ती जागा म्हणजेच ही तळी. मात्र त्यांत सांडपाणी मिसळत राहिले, तर उपसा म्हणजे घाण नदीत लोटणे ठरेल. शेरी नाल्याचा अनुभव सांगलीला पुरेसा कडू आहे.

तेव्हा उपाय फार खर्चाचे नाहीत. ते शिस्तीचे आहेत. प्रत्येक तळ्यात पातळीचा खांब उभारावा, मेअखेर ती कोठवर उतरवावी हे ठरवून जाहीर करावे, सांडव्याची आणि नाल्याची हद्द मोजून कायम करावी, आणि या सर्वांसाठी एक अधिकारी नावानिशी जबाबदार धरावा. नदीची पातळी तासातासाला जाहीर करणाऱ्या यंत्रणेला तळ्याची पातळी सांगणे अशक्य नसावे. पुलावरचा आकडा वाढू लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा, तळ्यातला आकडा वेळीच उतरवणे शहाणपणाचे ठरेल.