पिवळा गूळ आणि परदेशची पुरणपोळी



गोठवलेली पुरणपोळी उणे १८ अंशांत अमेरिका-युरोपात जाते. पोळीत गूळ, म्हणजे आपला ऊस. पण तो काही आपला आठवडी बाजार नव्हे. तयार पदार्थात सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर वेष्टनावर लिहावेच लागते. गूळपोळीतले तीळसुद्धा अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून अॅलर्जीच्या यादीत आले. न लिहिलेले सापडले की माल अडतो.

गुळात सल्फाइट येते कुठून? रंग पिवळाधमक यावा म्हणून काहिलीत टाकलेल्या हायड्रोस पावडरीतून. गुऱ्हाळ घालणारे सभासद म्हणतात, "साहेब, काळ्या गुळाला व्यापारी भाव पाडतो, मग काय करायचं?" म्हणणे खोटे नाही. तरी आमचे मत असे, की सगळी नकोत, पण दोन-चार आधणे तरी भेंडीच्या चिकाने मळी काढून, हायड्रोसविना उतरवावीत. तो गूळ वेगळा ठेवावा; उसाचा गट नंबर व तारीख वहीत लिहावी. परभणी जिल्ह्यातल्या पोळ्या करणाऱ्या बचत गटांना आधी हाच गूळ दाखवावा. उद्या परदेशी माल धाडणारा दारात आला, तर त्याला रंग नव्हे, वही दाखवावी लागेल. सभासदांनी गळिताआधीच विचार करावा, ही विनंती.