औषधाची वेळ आणि घराची वेळ

‘जेवणापूर्वी अर्धा तास, दिवसातून दोन वेळा’ ही सूचना आपण सर्वजण रोज लिहितो. औषधसेवनकालाचे महत्त्व या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. वाग्भटांनी अष्टांगहृदयात दहा काल सांगितले, शार्ङ्गधरांनी पाच. परंतु रुग्ण प्रत्यक्षात केव्हा जेवतो, हे आपण विचारतो का? मी तरी विचारीत नव्हतो, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

अमळनेर येथील माझ्या चिकित्सालयात चाळिशीतील एक गृहिणी अम्लपित्तासाठी तीन महिने येत होती. अविपत्तिकर चूर्ण, सूतशेखर, पथ्यापथ्याचा छापील कागद, सारे दिले होते. उपशय मात्र अल्प. औषध बदलावे या विचारात असताना सहज विचारले, “ताई, जेवता किती वाजता?” उत्तर आले, “सर्वास्नं व्हयनं का मंग मी जेवस.”

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. पहाटे नळाला पाणी येते म्हणून साडेचारला उठणे. यजमान रेल्वेने जळगावला नोकरीस जातात, त्यांचा डबा. नंतर मुलांचा डबा. दहाला सासूबाईंचे ताट. मधल्या काळात तीन वेळा चहा. स्वतःचा पहिला घास दुपारी अडीचला, तोही उरलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा. चूर्ण मात्र ती नियमाने साडेनऊला घेई. ‘जेवणापूर्वी’ याचा अर्थ तिने घरच्या जेवणापूर्वी असा घेतला होता!

चूक तिची नव्हती, माझी होती. अकाली भोजन हा विषमाशनाचाच प्रकार, हे आपण पदवीपूर्व अभ्यासातच शिकतो. हेतू तिच्या दिनचर्येत उघड दिसत असता मी केवळ औषधांचा विचार करीत बसलो. पुढील खेपेस सासूबाईंना सोबत बोलावले आणि दोघींनी दहाला एकत्र जेवावे असे सुचवले. त्यांनी ते मानले. औषध तेच ठेवले, महिनाभरात जळजळ बरीच उणावली.

एकेकाळी येथील प्रताप मिलच्या पाळ्यांवर कामगारांच्या घरातील चुलींच्या वेळा ठरत. त्या वेळा वैद्यालाही ठाऊक असणार. आज एकाच घरात प्रत्येकाचे घड्याळ निराळे आहे आणि गृहिणीच्या वाट्याला सर्वांत शेवटची वेळ येते. निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा मानणाऱ्या आपण तरी याकडे दुर्लक्ष करू नये.

म्हणून वैद्यबंधु-भगिनींना विनंती, की केसपेपरवर तीन प्रश्नांना जागा ठेवावी : पहिला घास किती वाजता? घरात शेवटी कोण जेवते? ते जेवण ताजे असते की उरलेले? औषधी दुकानदार बंधूंनीही पुडीवर नुसते ‘जेवणापूर्वी’ न लिहिता, रुग्णास जेवणाची वेळ विचारून औषधाची नेमकी वेळ लिहावी. त्यास अर्धा मिनिट लागते. माझ्या रुग्णाचे तीन महिने त्या अर्ध्या मिनिटाअभावी गेले.