तळ्याचा जमाखर्च

गेल्या आषाढात आम्ही चार दिवस गुंजीस मुक्कामाला होतो. खानापूर आणि लोंढा यांच्या मधले हे लहानसे स्टेशन. बेळगावहून गोव्याकडे जाताना आमच्या पुष्कळ वाचकांनी ते गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. सह्याद्रीच्या कुशीतला हा मुलूख. एकदा झड लागली की पन्हळीखाली ठेवलेली घागर पाहता पाहता भरते, आणि दिवे गेले की ते केव्हा येतील हे कोणी विचारीत नाही.

अशाच एका दिवे गेलेल्या सायंकाळी आमच्या यजमानांचा सातवीत शिकणारा नातू कंदिलापाशी बसून जगातील मोठ्या सरोवरांची नावे पाठ करीत होता. कास्पियन, सुपीरियर, व्हिक्टोरिया, ह्यूरन, मिशिगन... माजघरात सुपारी कातरीत बसलेल्या आजोबांनी त्याला मध्येच थांबविले. "चौथे चुकलास. व्हिक्टोरियानंतर अरल."

"ह्यात अरल नाहीच की, आज्जा," नातू पुस्तक पुढे करीत म्हणाला.

आजोबा उठले. कपाटाच्या तळाशी त्यांचा शाळेतला नकाशासंग्रह होता, तो त्यांनी काढून आणला. कडा वाळवीने खाल्लेल्या. पण मध्य आशियाच्या पानावर निळा डाग ठसठशीत होता आणि त्यावर 'अरल समुद्र' अशी अक्षरे होती. शेवटच्या पानावरील कोष्टकातही चौथे नाव अरलचेच होते. नातवाने दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहिली आणि आमच्याकडे वळून विचारले, "मग काका, एवढे तळे गेले कुठे?"

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हांस बराच लांबचा फेरा घ्यावा लागला. तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मोठेपणाची पहिली मोजणी विस्ताराची. त्या मापाने कास्पियनला तोड नाही. त्याचा विस्तार सुमारे ३,७१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे सबंध महाराष्ट्र त्यात बुडवला तरी चोहोबाजूंनी पाणी उरेल. उत्तर अमेरिकेतील सुपीरियर ८२,१०० चौरस किलोमीटरांचे. त्यात आपला बेळगाव जिल्हा सहा वेळा मावेल. गोड्या पाण्याच्या सरोवरांत विस्ताराने ते पहिले. त्याच्या मागोमाग आफ्रिकेतील व्हिक्टोरिया.

पण विस्ताराचे माप सोडून खोलीचे माप घेतले की सारी क्रमवारी उलटीपालटी होते. सैबेरियातील बैकल विस्ताराने सातवे. परंतु त्याची खोली १,६४२ मीटर आहे आणि तितके खोल सरोवर जगात दुसरे नाही. व्हिक्टोरिया त्याच्या दुपटीहून विस्तीर्ण असूनही जेमतेम ८० मीटर खोल. भूपृष्ठावर जेवढे न गोठलेले गोडे पाणी आहे, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या बैकलमध्ये आहे. हे पाणी किती, याची कल्पना यावी म्हणून आपल्या परिचयाचे माप घेऊ. सौंदत्तीच्या यल्लम्मास जाणाऱ्या मंडळींनी मलप्रभेवरचे रेणुकासागर धरण पाहिलेले असते. तो जलाशय काठोकाठ भरला, तर त्यात ३७.७३ अब्ज घनफूट पाणी राहते. असे बावीस हजार रेणुकासागर एकत्र केले म्हणजे एक बैकल होते. त्याचे वयही अडीच कोटी वर्षांच्या घरातले. समुद्रापासून इतक्या दूर असूनही त्यात सील हा प्राणी वस्ती करून आहे, आणि गोड्या पाण्यातच जन्म काढणारी सीलची ही जात अन्यत्र आढळत नाही.

मुलाला हे सारे आवडले. परंतु अरलचे कोडे विस्ताराने सुटत नाही, खोलीनेही सुटत नाही. त्याला तिसरे माप लागते, आणि ते वाण्याच्या वहीतले आहे. तळे म्हणजे नुसता साठा नव्हे. जमा किती आणि खर्च किती, याचा तो चालू हिशोब आहे.

बैकलमध्ये तीनशेहून अधिक नद्या येतात. बाहेर पडते ती एकटी अंगारा. सुपीरियरमध्ये आलेले पाणी बाहेर पडण्यास सरासरी १९० वर्षे लागतात. आज तेथे ओंजळ भरली, तर त्यात आपल्या पणजोबांच्या काळी पडलेला पाऊसही असणार! व्हिक्टोरियाचा हिशोब याहून निराळा. त्याची बहुतेक जमा आभाळातून थेट पडणाऱ्या पावसाची आणि बहुतेक खर्च उन्हाचा. उरते ते पाणी नाईल नदी घेऊन जाते.

काही सरोवरांना मात्र बाहेर जाण्याची वाटच नसते. नद्या पाण्याबरोबर क्षार आणतात, ऊन केवळ पाणी उचलून नेते आणि क्षार मागे साठत राहतात. म्हणून कास्पियनचे पाणी मचूळ. समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश खारट. याच जातीचे उदाहरण पाहावयास सैबेरियाला किंवा इराणला जावयास नको. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर असेच आहे. उल्कापाताने काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले आणि त्यात पाणी साठले. त्या पाण्यालाही बाहेर वाट नाही, म्हणून ते खारे आणि सोड्यासारखे तीव्र झालेले आहे. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी एकाएकी गुलाबी दिसू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा कारण कळले. पाणी आटून क्षार वाढले होते, आणि तसल्या खाऱ्या पाण्यातच फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग दिला होता. जमाखर्च बिघडला की तळे आपला रंगदेखील बदलते.

आता अरल. त्यालाही बाहेर वाट नव्हती. अमूदर्या आणि सिरदर्या या दोन नद्या आणतील ती जमा, आणि ऊन नेईल तो खर्च. १९६० साली अरलचा विस्तार सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे पाच बेळगाव जिल्ह्यांएवढा होता. त्यानंतर सोव्हिएत राजवटीत या दोन्ही नद्यांचे पाणी कालव्यांनी कापसाच्या शेतांकडे वळविण्यात आले. कापूस पिकला, सरोवराची जमा आटली. ऊन आपला खर्च थोडाच थांबविणार? १९८० च्या दशकाच्या अखेरीस अरलचे दोन तुकडे झाले, आणि २००७ च्या सुमारास मूळ विस्ताराचा जेमतेम दहावा भाग उरला. उझबेकिस्तानातील मोयनाक हे एके काळचे मासेमारीचे बंदर. तेथे आज वाळूत रुतलेल्या गंजक्या नौका उभ्या आहेत. उघड्या पडलेल्या तळाची खारी धूळ वाऱ्यावर उडते आणि माणसांच्या श्वासात जाते.

या कथेला एक दिलासाही आहे. कझाकस्तानने २००५ साली उत्तरेकडील लहान तुकड्याला कोक-अरल हा बांध घातला. सिरदर्येचे पाणी तेथे टिकू लागले, खारेपणा उतरला आणि मासे परतले. सबंध अरल मात्र परतला नाही.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या पुस्तकात होता तेव्हा कुणाला वाटले असेल काय, की हा जाईल म्हणून?"

हाच प्रश्न आम्ही गुंजीहून बरोबर घेऊन आलो आहोत. कारण ज्या खानापूर तालुक्यात आम्ही बसलो होतो, तेथेच कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेस कृष्णेला मिळावयास जाते. म्हादईही याच तालुक्यात उगम पावते. पण ती पश्चिमेस गोव्याकडे उतरते. हुबळी-धारवाडच्या घरांतील घागरी रेणुकासागरावर अवलंबून आहेत आणि तो जलाशय कित्येक वर्षी भरत नाही, म्हणून म्हादईचे काही पाणी मलप्रभेकडे वळवावे अशी कर्नाटकाची मागणी; तर आपल्या नदीचे पाणी कमी होईल, ही गोव्याची चिंता. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये वाटणी केली, तरी तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आमचे वाचक दोन्ही बाजूंस नांदत आहेत. न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आमचा नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की तहान दोन्हीकडची खरी आहे, आणि नदी वळविताना जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही त्याच पानावर लिहावी. अरलच्या वहीत दुसरे पान कोणी उघडलेच नाही.

वाचकहो, आपण तंजावरला असा, हैदराबादेस असा, भोपाळला वा बडोद्यास असा; आपल्या गावात एखादे तळे असेलच. येत्या रविवारी मुलांना तेथे न्या. ते किती मोठे हे तर दाखवाच; पण त्यात पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हेही त्यांना शोधू द्या.

गुंजीच्या त्या मुलाने रात्री निजण्यापूर्वी आपल्या पुस्तकातील यादीखाली पेन्सिलीने एक ओळ लिहिली: 'अरल, पूर्वी चौथे.' आजोबांचा नकाशासंग्रह मात्र त्याने पुन्हा कपाटाच्या तळाशी जाऊ दिला नाही. आपल्या दप्तरात ठेवला.