गटार कुणाचं, बोळा कुणी काढायचा?

बांधावरून भांडणं होतात हे जुनं झालं. अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या गावांत आता भांडण होतं ते मोरीच्या पाण्यावरून. पाणी साचलं, डास झाले की घरमालक पंचायतीकडे बोट दाखवतो आणि पंचायत घरमालकाकडे.

हिशेब तसा सरळ आहे. मोरीपासून सार्वजनिक गटाराच्या जोडापर्यंत पाइप आणि चेंबर साफ ठेवणं घरमालकाचं काम. इमारत असेल तर आवारातला सामायिक पाइप सोसायटीचा. जोडाच्या पुढचं गटार उल्हासनगरात महापालिकेचं, अंबरनाथ-बदलापुरात नगरपरिषदेचं, गावात ग्रामपंचायतीचं. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ खाली गटारं हे पंचायतीचं कर्तव्य आहे. ते उपकार नव्हेत. आणि जोडाच्या पुढे आपलं काय जातं, असंही म्हणू नका. कारखान्यांबरोबर घरांचंही सांडपाणी घेऊन वालधुनीचं काय झालं, ते रेल्वेनं जाताना नाकाला कळतं.

भांडायच्या आधी शेवटच्या चेंबरचं झाकण उघडा. चेंबर कोरडं आणि मोरीत पाणी, तर बोळा तुमच्याच पाइपात. चेंबर काठोकाठ, शेजाऱ्याचंही तसंच, तर पुढचं गटार तुंबलंय. मग तोंडी सांगून येऊ नका. लेखी अर्ज द्या, तारीख घाला, पोच घ्या. बोळा निघाल्यावर त्यात काय असतं तेही बघा: भांड्यांची राख, शितं, खरकटं तेल, केस आणि गुटख्याच्या पुड्या. (गुटखाबंदी २०१२ सालापासून आहे. पुड्या निघतातच.)

जिथं गटारच नाही तिथं शोषखड्डा. पण भातखाचराच्या चिकण मातीत खणाल तर जुलैत तो विहिरीसारखा भरेल. उंचावरची मुरमाड जागा बघा. खणून झाल्यावर दोन घागरी पाणी ओता, किती वेळात जिरतं ते पाहा, मगच दगड भरा. विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब ठेवा. तोंडाशी भोकं पाडलेलं मडकं बसवून त्यात नारळाच्या शेंड्या भरा. मळ आणि शितं तिथंच अडतात. शेंड्या पंधरवड्यानं बदला. संडासाचं पाणी त्यात अजिबात सोडू नका. खड्ड्याला जागा नसेल तर परसात केळ, कर्दळ लावून मोरीचं पाणी तिकडे वळवा. शेजाऱ्याच्या खाचरात नको.

आता शेवटचं, खरं तर पहिलं सांगायला हवं होतं. संडासाची टाकी किंवा खोल चेंबर तुंबलं तर चार पैसे देऊन कुणाला आत उतरवू नका. आतल्या वायूनं माणूस हाक मारायच्या आत पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. सुरक्षेच्या साधनांशिवाय असं काम करवून घेणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. घरमालकही त्यातून सुटत नाही. मैला उपसणारी गाडीच बोलवा. गावाकडे गाडी नसेल तर जवळच्या नगरपरिषदेची भाड्यानं मिळेल का, हे सरपंचांनी पावसाआधी विचारून ठेवावं. १ मेच्या ग्रामसभेत विषय घेतला तर हाताशी महिनाभर राहतो.