विम्याची हद्द कातडीपाशी का संपते?

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण ते इंदापूर या पट्ट्यात दुचाकीवरून पडून कुणाचे मांडीचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेत आत रॉड घातला, तर त्या रॉडचे पैसे आरोग्य विमा देतो. त्याच रुग्णाला पुढचे दोन-तीन महिने लागणारा वॉकर मात्र क्लेममधून कापला जातो. मणका मोडून कमरेखालचा भाग निकामी झाला, तर मणक्यात बसवलेले स्क्रू विम्यात बसतात. ज्या खुर्चीत तो माणूस पुढची कित्येक वर्षे काढणार, ती बसत नाही. दुखापत एकच, डॉक्टर तेच, गरजही त्याच अपघातातून आलेली. तरी वस्तू कातडीच्या आत राहिली की ती उपचार ठरते आणि बाहेर राहिली की रुग्णाची खासगी खरेदी. पुनर्वसनाच्या क्षेत्रातील आपण सर्वांनी ही विभागणी इतक्या वेळा पाहिली आहे की तिचा विचित्रपणा आता टोचतही नाही. आमचे म्हणणे असे की ही विभागणी वैद्यकशास्त्राला धरून नाही आणि विम्याच्या हिशेबालाही धरून नाही. आणि ती टिकून राहण्यात आपण लिहीत असलेल्या कागदांचा वाटा मोठा आहे.

विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, आरोग्य विम्याच्या प्रमाणीकरणासाठी केलेल्या याद्यांपैकी पहिली ६८ वस्तूंची आहे. तिच्यात लहान मुलांचे खाद्यपदार्थ, सौंदर्यसेवा, मिनरल वॉटर, टेलिफोन आणि कपडे धुण्याचा खर्च आहे. त्यांच्याच पंगतीला वॉकिंग एड्स, स्प्लिंट, सर्वायकल कॉलर, गुडघ्याचे ब्रेस, लंबर बेल्ट, मधुमेहींची पादत्राणे आणि हवेची किंवा पाण्याची गादी आहे. व्हीलचेअरची वेगळी नोंद नाही. टीपीएच्या, म्हणजे कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, टेबलावर ती वॉकिंग एड्समध्ये ढकलली जाते. यादीमागचा हेतू वाईट नव्हता. रुग्णालये बिलात काहीही घालत, कंपन्या मनाला येईल ते कापत, आणि त्या ओढाताणीत रुग्ण भरडला जाई. ते थांबवण्यासाठी एक सामाईक यादी हवीच होती. पण ती करताना रुग्णाची सोय आणि रुग्णाचे कार्य यांत फरक केला गेला नाही. टीव्हीचे भाडे नाकारले तर रुग्णाचे काही अडत नाही. स्प्लिंट नाकारला तर मनगट वाकडे राहते. आणखी एक गोष्ट आपल्यातल्या अनेकांच्या लक्षात आलेली नसते: या यादीतल्या वस्तू देण्यास कंपन्यांना बंदी नाही. ही यादी ऐच्छिक वस्तूंची आहे, आणि काही कंपन्या जादा हप्ता घेऊन तिच्यातल्या वस्तू देणारे रायडर विकतातही. म्हणजे अडचण कायद्याची नसून सवयीची आहे.

या सवयीची किंमत कोण मोजते ते बेडसोरच्या रुग्णात स्पष्ट दिसते. पॅराप्लेजियाचा रुग्ण घरी जातो तेव्हा त्याला मापाची खुर्ची, दाब वाटून देणारे कुशन आणि वजन हलवण्याचे प्रशिक्षण लागते. यातले काहीच विम्यात बसत नाही. मग घरातली प्लॅस्टिकची खुर्ची किंवा खाट हेच त्याचे जग होते, माकडहाडावर किंवा बसण्याच्या हाडावर जखम होते, ती हाडापर्यंत जाते, ताप चढतो आणि तो पुन्हा दाखल होतो. आता चोवीस तासांहून अधिक मुक्काम झालेला असतो, जखम साफ करावी लागते, फ्लॅपची शस्त्रक्रिया होते, महागडी प्रतिजैविके चालतात. हा सगळा खर्च आरोग्य विम्याच्या व्याख्येत चोख बसतो. म्हणजे कंपनी व्हीलचेअरचे पैसे वाचवत नाही; ती व्हीलचेअर नसल्याचे पैसे भरते, आणि तेही कित्येक पटींनी. कॅथेटरची काळजी न शिकवल्याने होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, स्प्लिंटअभावी आखडलेला सांधा, वॉकर न मिळाल्याने पडून दुसऱ्यांदा मोडलेले खुब्याचे हाड यांचा हिशेबही असाच निघतो. हे आकडे कंपन्यांच्या क्लेमच्या नोंदींत पडून आहेत. पण पहिली भरती आणि दुसरी भरती यांची सांगड घालणारा कागद तयार होत नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाहीत.

बाहेरच्या साधनाचा खर्च विम्याने उचलणे भारतात अशक्य आहे, असेही नाही. दोन जागी ते रोज घडते. कर्मचारी राज्य विमा योजनेत कृत्रिम अवयव, कॅलिपर, कुबड्या आणि व्हीलचेअर वैद्यकीय लाभाचा भाग म्हणून मिळतात. बारामती एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणारा विमाधारक कामगार जायबंदी झाला तर त्याला हा हक्क आहे. भवानीनगर किंवा शहाजीनगरच्या साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली सापडलेल्या ऊसतोड मजुराला नाही, कारण तो या योजनेच्या कक्षेतच येत नाही. दुसरी जागा मोटार वाहनांच्या तृतीय पक्ष विम्याची. मोहम्मद साबीर विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये कृत्रिम पायाची किंमत तर धरलीच, पण तो पाय पाच-सहा वर्षांनी बदलावा लागतो आणि मधल्या काळात त्याची दुरुस्ती करावी लागते, हेही नुकसानभरपाईत मोजले. ही समज न्यायालयाला पुराव्यातून आली: पायाचे आयुष्य किती, किंमत किती, देखभाल किती. आरोग्य विम्याच्या फायलीत असा कागद किती वेळा लागतो?

पहिला आक्षेप हमखास येतो तो असा की सरकार हे सगळे फुकट देतेच, मग विम्याला कशाला ओढायचे. योजना खरोखरच आहेत, आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. दिव्यांगांना साधने देणारी १९८१ पासूनची एडिप योजना आहे, ज्येष्ठांसाठी २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. इंदापूर ज्यात येते त्या बारामती लोकसभा मतदारसंघात या दोन्हींची तपासणी आणि वाटपाची शिबिरे झाली आहेत. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. २०२४ पासून राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देते, आणि तिच्या साधनांत व्हीलचेअर, फोल्डिंग वॉकर, नी-ब्रेस, लंबर बेल्ट, सर्वायकल कॉलर हे सगळे आहे. राज्य सरकार ज्याला ज्येष्ठांची शारीरिक गरज मानते, त्यालाच विम्याची यादी मिनरल वॉटरच्या रांगेत बसवते. या विरोधाभासाबद्दल तरी कुणी विचारले पाहिजे. पण योजना आणि विमा यांत मूळ फरक वेळेचा आणि मापाचा आहे. एडिपला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि एकदा साधन घेतले की मोठ्यांना तीन वर्षे दुसरे मिळत नाही. मणक्याचा रुग्ण रुग्णालयातून सुटतो त्या दिवशी त्याच्याकडे प्रमाणपत्र नसते, आणि पुढचे शिबिर कधी हे कुणालाच माहीत नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या मार्गदर्शिकेत व्हीलचेअर सेवेच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत: रुग्ण पाठवण्यापासून मूल्यमापन, शिफारस, निधी, जुळणी, माप बसवणे, प्रशिक्षण आणि शेवटी दुरुस्ती-पाठपुरावा. शिबिरात यांतल्या दोन-तीन पायऱ्या होतात, बाकीच्या फोटो काढून झाल्यावर राहून जातात. निरा-भीमेच्या काठच्या काळ्या मातीत, पावसाळ्यात चिखल होणाऱ्या पाणंद रस्त्यावर, रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीसाठी केलेली बारीक पुढच्या चाकांची खुर्ची रुतते. मग ती गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहते आणि ‘साधन वापरले जात नाही’ अशी नोंद होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो विम्याच्या तत्त्वावर उभा आहे. विमा अनिश्चित संकटाचा असतो. वर्षानुवर्षे लागणारी ठरलेली गरज ही विम्याची बाब नव्हे, ती सामाजिक सुरक्षेची. हे बऱ्याच अंशी मान्य करावे लागेल. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला वाढत्या वयाबरोबर दर काही वर्षांनी नवी खुर्ची लागणार, हे आधीच ठाऊक असते, आणि त्याचा भार सरकारी निधीनेच उचलला पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे चोविसावे कलम साधनांची तरतूद शासनावर टाकते ते याचसाठी. पण अपघातानंतरची पहिली खुर्ची, पाय कापल्यानंतरचा पहिला कृत्रिम पाय, पक्षाघातानंतरचा स्प्लिंट या गोष्टी अपघाताइतक्याच अनपेक्षित आहेत. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्च धरला जातो. त्या मुदतीत, त्याच आजारासाठी, डॉक्टरने लिहून दिलेले पहिले साधन त्या खर्चात मोजणे एवढीच मागणी असेल, तर विम्याच्या तत्त्वाला धक्का लागत नाही. हप्ता थोडा वाढेल, हे खरे. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे; ग्राहकाच्या खिशाला इतकी मोकळीक मिळालेली असताना एका वॉकरने हप्ता कडाडेल, हा युक्तिवाद फार टिकत नाही.

तिसरी भीती गैरवापराची. इथे अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यात व्हीलचेअर टिकाऊ वैद्यकीय साधन म्हणून समाविष्ट आहे. या शतकाच्या सुरुवातीला टेक्सासमधील ह्यूस्टनच्या परिसरात विजेवर चालणाऱ्या खुर्च्यांच्या खोट्या दाव्यांचा महापूर आला, आणि सप्टेंबर २००३ मध्ये सरकारला ‘ऑपरेशन व्हीलर डीलर’ नावाची मोहीम उघडावी लागली. त्यानंतर खुर्ची विम्यातून काढली गेली नाही. डॉक्टरने रुग्णाला समोर बसवून तपासण्याची अट आली, घरात हालचाल करताना नेमके कुठे अडते हे लिहिणे आले, काही साधनांना पूर्वमंजुरी आली. साध्या खुर्चीचे तर तिथे तेरा महिने भाडे दिले जाते आणि मगच ती रुग्णाच्या मालकीची होते. तात्पुरत्या गरजेची खुर्ची त्याआधीच परत जाते. थोडक्यात, चोरी थांबवली ती चांगल्या शिफारसपत्राने. (त्या पद्धतीत कागदांचा जाच आहे, आणि घराबाहेरची गरज मोजली जात नाही ही तिथल्या दिव्यांगांची जुनी तक्रार आहे, तो भाग उचलण्याची गरज नाही.)

आणि शिफारसपत्र हा प्रश्न आपल्याकडेच येऊन थांबतो. २०२२ च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने सौरभ शुक्ला यांच्या याचिकेवर दिव्यांगांना आरोग्य विमा मिळण्याचा हक्क मान्य केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाने सर्व संबंधित कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी आणण्यास सांगितले. दार उघडले, पण ६८ वस्तूंची यादी जागेवरच राहिली. ती हलवण्यासाठी खालून दावे वर गेले पाहिजेत, आणि दाव्यांसाठी कागद हवा. आज इंदापूर-बारामतीतल्या डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत ‘वॉकर वापरावा’ किंवा ‘व्हीलचेअर सल्ला’ एवढेच असते, तेही बहुतेकदा निदान आणि औषधांपासून तुटलेले. ही ओळ वाचून टीपीएचा कारकून ती खरेदी समजला तर त्याचा दोष किती? त्याऐवजी निदानाशी जोडलेले कार्यात्मक कारण लिहिले पाहिजे: रुग्ण स्वतः किती अंतर चालतो, खाटेवरून खुर्चीत कसा जातो, साधन नसेल तर कोणती गुंतागुंत होण्याचा धोका आहे, बसण्याची रुंदी आणि खोली किती, घराचा उंबरा किती उंच आणि अंगणातली जमीन कशी. साधन किती काळ लागेल, विकत की भाड्याने, तेही. पत्राची तारीख डिस्चार्जच्या आधीची असावी, म्हणजे खर्च त्याच उपचाराचा भाग दिसतो. ज्यांच्या पॉलिसीत रायडर आहे, त्यांचे साधन शक्य तिथे रुग्णालयाच्या बिलातच घ्यावे. अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात, म्हणून पॉलिसीचा कागद फिजिओथेरपीच्या पहिल्या भेटीतच पाहायला मागावा. पुढच्या भरतीत बेडसोर झाला असेल तर डिस्चार्ज कार्डावर तो कोणते साधन न मिळाल्याने झाला, हे निःसंकोच लिहावे. नाकारलेला दावा रुग्णाने आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि महिनाभरात उत्तर न आल्यास पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे न्यावा. तिथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही.

एक व्यावहारिक अडचण उरते ती सहीची. विम्याच्या प्रमाणित व्याख्येत वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे वैद्यकीय परिषदेकडे, किंवा आयुष पद्धतींच्या परिषदेकडे, नोंदणी असलेला डॉक्टर. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांना २०२१ च्या सहायक आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने ओळख दिली असली, महाराष्ट्रात त्यांची परिषद त्याआधीपासून असली, तरी पॉलिसीच्या लेखी त्यांची सही अपुरी आहे. ही व्याख्या बदलेपर्यंत मूल्यमापन थेरपिस्टने करावे, पत्र त्यानेच लिहावे आणि खाली अस्थिरोगतज्ज्ञाची किंवा न्यूरोसर्जनची प्रतिस्वाक्षरी घ्यावी. शल्यविशारदांनी ती देताना पत्र वाचून द्यावे, एवढी विनंती. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतल्या नमुना-पत्राचा मसुदा आम्ही पुढील अंकात छापत आहोत. उपजिल्हा रुग्णालयांतील आणि खासगी दवाखान्यांतील वाचकांनी त्यात काय कमी-जास्त हवे ते महिनाअखेरपर्यंत कळवावे, आणि रुग्णाची ओळख पटेल असा तपशील काढून नाकारलेल्या दाव्यांच्या प्रतीही पाठवाव्यात.