स्वस्त पिस्तुलाचे महाग संरक्षण

देवळाली प्रवरेच्या परिसरात उसाचे फड घराच्या उंबऱ्यापर्यंत आले आहेत. गावापासून दूर, शेतातच वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबाला रात्री दोन भये असतात: उसातल्या बिबट्याचे आणि दरोडेखोराचे. ही भये खरी आहेत. त्यांची टिंगल करण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. मात्र त्यांवर ‘परवडणारे आणि भरवशाचे एक पिस्तूल घरात असावे’ हा जो उतारा सुचविला जातो, तो तपासून घेणे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे. कोणते पिस्तूल घ्यावे एवढाच प्रश्न मान्य केला, की रक्षणाची जबाबदारी कोणाची हा मूळ प्रश्न आपोआप बाजूला पडतो.

प्रथम ‘परवडणारे’ या शब्दाचा हिशेब पाहू. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतर कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये खास स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये! त्या काळी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील दिवसाची मजुरी १७० रुपयांच्याही आत होती. म्हणजे सातशेहून अधिक दिवसांची मजुरी एका रिव्हॉल्व्हरला. ऊसतोडणी कामगार स्त्री पाचटाच्या कोपीत झोपते; तिला खरोखर संरक्षणाची गरज आहे. तिच्यासाठी या निर्भीकतेचा उपयोग काय?

आता ‘भरवसा’. हातातल्या छोट्या शस्त्राने अंधारात झेपावणारा बिबट्या रोखणे हा भ्रम आहे. जखमी झालेला बिबट्या तर अधिकच घातक. दरोडेखोर सांगून येत नाही. नियमाप्रमाणे शस्त्र कुलपात ठेवले, तर ते वेळेवर हाती लागत नाही. भरून उशाशी ठेवले, तर ते पोराच्या हाती लागते. घरोघरी बंदुका असलेल्या अमेरिकेत २०२२ या एका वर्षात गोळी लागून ४८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. कर्जाने खचलेल्या शेतकऱ्याच्या कपाटात भरलेले पिस्तूल ठेवणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास हवे काय?

परवान्याचा अनुभवही बोलका आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने रक्षणासाठी लांब नळीची साधी बंदूक व पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांना वेगळी, सवलतीची तरतूद ठेवली. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. हे कारण कोणाचे सबळ ठरते? शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली. त्यानंतर उघड झाले की जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने वाटले गेले होते. कमरेला पिस्तूल लावून छायाचित्रे काढणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, आणि मग प्रशासनाला परवाने रद्द करण्याची जाग आली. इतक्या परवान्यांनी एका सरपंचाचा जीव वाचला नाही. निवडणूक आली की अनेकांची हीच हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. ज्या संरक्षणाची सरकारलाच दर निवडणुकीत धास्ती वाटते, ते संरक्षण की दहशत?

यावर एक युक्तिवाद आपल्याच मित्रांकडून होतो. १८७८ चा शस्त्र कायदा लिटनने गोऱ्यांना सूट देऊन या देशावर लादला, आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमाधीन शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदविला गेला, हे खरे आहे. परंतु तो हक्क परकीय सत्तेने निःशस्त्र केलेल्या जनतेचा होता. आज शस्त्र विकत घेणार तो बागायतदार, आणि त्या शस्त्राचे तोंड वळणार ते प्रथम पारध्याच्या पालाकडे. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळविणारे समजून पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. अफवेच्या हाती पिस्तूल असते, तर तेवढीही वेळ लागली नसती.

म्हणून मागणी बदलली पाहिजे. शेतीपंपाला जेथे अजूनही रात्रीच्या पाळीने वीज मिळते, तेथे शेतकऱ्याला बिबट्याच्या तोंडी वीज वितरण कंपनीच पाठविते. दिवसा वीज देण्याचे आश्वासन सरकारने २०१७ च्या सौर कृषी वाहिनी योजनेत दिले आहे. ते वस्तीवस्तीवर वसूल केले पाहिजे. वस्तीपर्यंत रस्ता आणि दिवा, पोलीस ठाण्यात पुरेशी माणसे व रात्रीची गस्त, सर्व जातींच्या तरुणांचे ग्रामसुरक्षा दल, वनखात्याचे पिंजरे व तत्काळ भरपाई, तोडणी कामगारांना बंदिस्त निवारा: या मागण्या घेऊन नगरपरिषद, तहसील व वनखात्याच्या कचेरीवर मोर्चे गेले पाहिजेत. भय सर्वांचे आहे. त्याचे निवारण ज्याच्या खिशात लाख रुपये आहेत त्याच्यापुरते होऊ देणे, हा समाजवाद नव्हे.